माझं हसणं हसणारा माणूस

१

कऱ्हाटीत मला तोंडावर गेणबा आबा म्हणतात. पाठ वळल्यावर जे म्हणतात ते लिहिलं तर कागद लाजेल. चालायचंच. सहासष्ट वर्षं मी या गावाच्या खोड्या काढल्या, गावानं एवढं तरी म्हणायलाच पाहिजे.

शाळा चौथीपर्यंत. चौथीत मास्तरांची नक्कल केली आणि मास्तर मागंच उभे होते. तिथून जो सुटलो तो थेट मेंढरांमागं. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं, अशी पस्तीस वर्षं गेली. मग मेंढरं विकली, विहिरीवर मोटर बसवली आणि थोरला दादासो शेतकरी झाला. आता तो ट्रॅक्टरवर बसतो आणि मला अक्कल शिकवतो.

मला एकच विद्या येते. माणसाचं चालणं, बोलणं, खाकरणं उचलायचं. आमच्या शेजारी सर्जेराव राहतात. ऊसवाले, कारखान्याचे सभासद, परसाकडं निघाले तरी पुढं वाजंत्री असल्यासारखे चालतात. एकदा मी देवळाच्या लाउडस्पीकरवरून त्यांच्या आवाजात साऱ्या गावाला जेवणाचं आवतण दिलं. अडीचशे माणूस आलं. सर्जेरावांना नाही म्हणवेना, मोठेपणा आडवा आला. बुंदी चांगली झाली होती.

माझं हसणं मात्र कुणाला कधी उचलता आलं नाही. आधी घशात दगड सरकतो. मग जरा वेळ सगळं शांत, ऐकणाऱ्याला वाटतं म्हातारं गेलं. आणि मग बकरीनं शिंकावं तसं एकदम बाहेर पडतं. माझी मालकीण म्हाळसा, तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशनचं नाव काढलं की चुलीपुढून हलत नाही. माणसं तिला धुरातून आल्यासारखी दिसतात. मला ती हसण्यावरून ओळखते. मी चावडीपाशी हसलो की ती घरात पीठ मळायला घेते.

२

यंदा, म्हणजे शहाण्णव साली, माघात बारामतीच्या बाजाराला गेलो होतो. तिथं एका ट्रस्टच्या दवाखान्यात पुण्याहून मनाची डॉक्टरीण यायला लागली होती, रेगे मॅडम. दारात एक बाई कागद वाटत होती. फुकटचा कागद मी सोडत नाही. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'स्वभाव की विकार? ओळखा, समजून घ्या.' खाली माणसांच्या दहा तऱ्हा दिल्या होत्या.

यष्टीत बसून वाचला. गाव येईपर्यंत सगळं गाव त्या दहांत बसवून झालं होतं.

'आपल्यासारखं जगात कुणी नाही असं वाटणं, सतत कौतुकाची गरज.' सर्जेराव, दुसरं कोण. 'सगळे आपल्या वाईटावर आहेत अशी शंका.' हा वरच्या आळीचा संभाजी, रोज सकाळी दोरी घेऊन बांध मोजतो, रात्रीत कुणी सरकवला की काय म्हणून. 'माणसांत मिसळायची इच्छाच नसणं.' बिरू मेंढका, तो शेळ्यांना रामराम घालतो आणि माणूस दिसला की वाट बदलतो. 'दुसऱ्याला विचारल्याशिवाय काहीच ठरवता न येणं.' आमचा दादासो. मोटर चालू करायच्या आधी बायकोला विचारून येतो.

घरी येऊन म्हाळसेला वाचून दाखवला. एका तऱ्हेवर तिनं मला थांबवलं. 'सगळ्यांचं लक्ष आपल्याकडं राहावं म्हणून सतत काहीतरी सोंग करणं.'

"ती बाई तुमाला कुठं भेटली हुती?" तिनं विचारलं.

"कोण बाई?"

"जिनं ह्ये लिवलं ती."

३

दुसऱ्या दिवशी कागद घेऊन गिरणीत गेलो. दुपारी गिरणीत दहा-बारा डबे रांगेत आणि तितकीच माणसं असतात, असा दरबार दुसरीकडं मिळत नाही. गिरणी शंभूराज चालवायचा. दीड वर्षापूर्वी इंदापूरकडून आलेला, पस्तिशीचा, एकटा, गिरणीमागच्या खोलीत राहायचा. सदा पिठानं पांढरा. त्याच्याबद्दल वाईट बोलणारं माणूस गावात नव्हतं. मी शोधून बघितलं होतं.

मी एकेक तऱ्हा वाचत गेलो आणि माणसं वाटत गेलो. पट्टा धडधडत होता, लोक पीठ उडेस्तोवर हसत होते. शेवटी सर्जेराव म्हणाले, "आबा, आमाला सगळ्यास्नी रोग वाटलं. शंभूला काय?"

मी शंभूकडं बघितलं. पहिली तऱ्हा लावली, बसेना. दुसरी लावली, बसेना. दहा संपल्या.

"ह्यो मोकळाच राहिला," मी म्हटलं.

"म्हंजे गावात ह्योच एक शहाणा," सर्जेराव म्हणाले आणि त्यांनी मिशीला पीळ दिला.

शंभू हसला, आणि त्यानंही ओठावर दोन बोटं नेऊन पीळ दिला. त्याला मिशी नव्हती.

लोकांना वाटलं थट्टा करतोय. मी थट्टेतला माणूस आहे, मला विचारा. थट्टा करणाऱ्याचे डोळे बघणाऱ्यांवर असतात, कोण हसतंय ते मोजत असतात. याचे डोळे सर्जेरावांच्या बोटांवर होते. बोटं थांबली तेव्हा त्याचीही थांबली. मग संभाजीनं काहीतरी हळू विचारलं. उत्तर द्यायच्या आधी शंभूनं खांद्यावरून मागं नजर टाकली, कुणी ऐकतंय का म्हणून. तसं फक्त संभाजी करतो.

कागद घडी करून मी खिशात घातला. त्या दिवशी पहिल्यांदा माझा कार्यक्रम मी मधेच सोडला.

४

आता माझीच एक आधीची करणी सांगतो. ती सांगताना मला हसू येत नाही.

कळपात मेंढीचं कोकरू मेलं आणि दुसरीकडं एखादं पोरकं असलं, तर आम्ही मेलेल्याचं कातडं सोलून पोरक्याच्या अंगावर बांधतो. मेंढी हुंगते. वास तिच्या पिलाचा येतो. ती पाजते. दोन-तीन दिवसांनी तिचं दूध त्याच्या अंगी लागलं की कातडं काढून टाकायचं. अशी शंभर तरी कोकरं मी जगवली असतील.

आमच्या गल्लीतल्या बनाबाईचा युवराज गेल्या पावसाळ्यात विहिरीवर मोटर चालू करताना शॉक लागून गेला. एकुलता. बनाबाईनं अन्न सोडलं. आठ दिवस झाले, दहा झाले, बायका सांगून थकल्या. मला सुचलं ते मेंढक्यालाच सुचेल असं होतं. युवराजचा निळ्या चौकड्यांचा सदरा मी शंभूला घातला. युवराज मान कशी खाजवायचा, दारातून 'आये' कसा म्हणायचा, उंबऱ्यावर तिरका कसा बसायचा, सगळं माझ्या गोठ्यात बसून शिकवलं. शंभूच का? तो नाही म्हणत नसे. कुणालाच.

"चार दिस जा," मी म्हटलं. "ती चार घास खाईल. मंग सदरा काढ."

बनाबाई जेवली. त्याला शेजारी बसवून, त्याच्या ताटात भाकरी कुस्करून जेवली. गावानं मला पहिल्यांदा शहाणा म्हटलं. एकच बारीक गोष्ट मला खटकली. शिंक यायच्या आधी युवराजचा डावा डोळा मिटायचा. ते मी शंभूला शिकवलं नव्हतं, तरी त्याचा मिटायला लागला. मी मनाला समजावलं. दोघं वर्षभर एका गावात होते, बघितलं असेल एखाद्या वेळी.

चार दिवसांनी म्हटलं, "शंभू, काढ आता सदरा."

त्यानं मान खाजवली. "आबा, ह्यो माझाच हाय की."

मी हसलो. माझ्या तोंडाला वेळीअवेळी तेवढंच येतं. मी हसत होतो आणि तो माझ्या घशाकडं बघत होता. दगड कुठून सरकतो ते बघत होता.

५

पाडव्याच्या आदल्या आठवड्यात सकाळी शेतावरून मागच्या वाटेनं घरी येत होतो. परड्याच्या भिंतीपाशी आलो आणि घरातून माझं हसणं ऐकू आलं.

दगड. शांतता. शिंक.

मी तिथंच थांबलो आणि आधी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. तोंड मिटलेलं होतं. टेप असेल असं मनात आलं, पण आमच्या घरात टेप नाही. मग परत ऐकू आलं, आणि त्यामागून म्हाळसेचा आवाज, "बसा की अवो. भाकरी टाकती, गरमच खावा."

पुढच्या दारानं गेलो. सारवलेल्या जमिनीवर पिठाची पावलं होती. माझ्या जागेवर, खांबाला पाठ लावून, उजवा गुडघा वर घेऊन शंभू बसला होता. मी तसाच बसतो.

"काय चाललंय?" मी म्हटलं.

म्हाळसेचा हात तव्यावर थांबला. तिनं आवाजाकडं तोंड वळवलं, मग खांबाकडं, मग परत माझ्याकडं. "अगं बया. तुमी ह्ये. मंग ह्यो कोण?"

"मामी, मी शंभू," तो म्हणाला. "पीठ आणलं."

म्हाळसा हसत सुटली. "बगा की, गुलामानं फशिवलं मला. तुमाला जोडीदार मिळाला."

ही बातमी गावात माझ्या आधी पोचली. चावडीपाशी सर्जेरावांनी मला गाठलं. "काय आबा, दुसऱ्यानं तुमची नक्कल केली की राग येतो व्हय?" सगळे हसले. माझ्या आयुष्यभराच्या खोड्यांचं माप त्या दिवशी माझ्या पदरात पडलं, आणि कुणाला दोष द्यावा अशी सोयही नव्हती. मी ओरडून सांगितलं असतं तरी लोक म्हणाले असते, आबानं नवीन सोंग काढलं.

तो रोज यायला लागला. बनाबाईकडचं जाणं कमी झालं, आमच्याकडचं वाढलं. एकदा संध्याकाळी म्हाळसा म्हणाली, "आज सकाळच्या पारी लई खुशीत हुता. किती हसलात."

त्या दिवशी पहाटेच्या यष्टीनं मी बारामतीला गेलो होतो. दुपारी आलो. मी भाकरी पुढं ओढली. ती आनंदात होती.

६

मग मीच शंभूला रेगे मॅडमकडं घेऊन गेलो. पिठानं खोकला होतो, दाखवून येऊ, असं सांगितलं. तो लगेच निघाला. यष्टीत तो माझ्यासारखा बसला, माझ्यासारखा कंडक्टरशी वाद घातला, आणि लोक त्याच्यावर हसले. मी खिडकीबाहेर बघत होतो. लोकांना वाटलं असेल, आबा तो आहे आणि मी त्याच्याबरोबर आलेलं कुणीतरी.

मॅडमनी त्याला आत घेतलं आणि दार लावलं. मी बाकावर. मॅडमना बोलताना पेनचं बटण दाबायची सवय होती, टिक-टिक. दाराआडून ती ऐकू येत होती. थोड्या वेळानं लक्षात आलं की आत दोन पेनं वाजतायत.

पाऊण तासानं मला बोलावलं. शंभू बाहेर गेला.

"मला यांच्यात काही आढळलं नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा खुलला होता. "फार समजूतदार आहेत. इतकं नीट ऐकून घेणारं माणूस मला कितीतरी दिवसांत भेटलं नव्हतं."

"मॅडम, तुमी त्याला तपासलं का त्यानं तुमाला?"

त्या हसल्या, पण कागद बाजूला ठेवून नीट बोलल्या. बाई चांगली होती. "आबा, प्रत्येकाचा स्वभाव असतो. तो प्रसंग बघून थोडा वाकतो. जो कुठंच वाकत नाही, घरात, दारात, वर्षानुवर्षं तसाच ताठ राहतो, आणि त्यापायी स्वतःला नाहीतर दुसऱ्याला त्रास होतो, तिथं आम्ही विकाराचा विचार करतो. एका कागदावरून कुणाला शिक्का मारायचा नसतो."

"आन जो नुसताच वाकतो? जिकडं बघल तिकडं? ज्याच्यात वाकायला काय हायच न्हाय?"

पेन थांबलं. "काही माणसांना आपण कोण हेच उमगत नाही. आतून रिकामं वाटतं. समोरच्याच्या आधारानं ती उभी राहतात. पण अशी माणसं वाईट नसतात हं आबा. कुठंतरी फार दुखावलेली असतात." मग त्या जरा पुढं झुकल्या. "तुम्हाला कधीपासून वाटतंय, की कुणीतरी तुमची जागा घेतंय?"

मी कपाळाला हात लावला. एवढ्या लांब यष्टीनं येऊन, तपासणी माझीच.

बाहेर आलो तर बाकावर एक म्हातारी रडत होती. तिच्याशेजारी शंभू मान कलती करून बसला होता. हातात दवाखान्यातलं पेन. टिक-टिक. "कधीपासून वाटतंय तुम्हाला असं?" तो तिला विचारत होता, पुण्याच्या शुद्ध मराठीत.

७

रविवारी इंदापूर गाठलं. शंभू आधी कुणाकडं राहायचा ते सर्जेरावांना ठाऊक होतं. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक बंद गिरणी आणि तिला लागून घर. दारात पन्नाशीच्या बाई तांदूळ निवडत होत्या. जयवंताबाई.

शंभूचं नाव काढलं तसं त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि मला पाणी दिलं.

"वाईट न्हवता वो," त्या म्हणाल्या. "आला तवा शिंपीकाम येतंय म्हनायचा. कुनाकडनं तरी उचललं असंल. हितं मालकांच्या हाताखाली राहिला. मालक खोकायचं तसा खोकायचा. मालक पट्टा चढवायचं तसा चढवायचा."

"मंजी गिरणीबी त्याची न्हवं."

"त्याचं काय हुतं?" त्यांनी मलाच विचारलं.

भिंतीवर एका माणसाचा फोटो होता. हार नव्हता. "मालक कुठं हायत?" मी विचारलं.

"गेलं निघून. एकाच माणसाचं दोन एका घरात कसं राहत्याल? ह्ये बोलायला तोंड उघडायचं तोवर त्यो त्येच बोलल्याला असायचा. पोरं हसायची. मीबी हसायची. शेवटी शेवटी मालकांना कळंना, आपुन बसायचं कुठं. एक दिस उठलं आन गेलं. मला वाटलं दुकानाला चाललं."

"आन शंभू? त्याला मोकळं रान झालं की मंग."

जयवंताबाईंनी मान हलवली. "मालक गेलं तसा त्योबी थांबला. बघाय कुनी राह्यलं न्हाय ना. आठ दिस त्या कोपऱ्यात भितीकडं तोंड करून बसला. खायाला घातलं तर खायचा, न्हायतर न्हाय. मंग उठून गेला. दोघंबी गेलं."

मी निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या. "आता तुमच्या घरात बसतोय व्हय?"

"व्हय."

"मंग तुमी कवा निघनार?" हे त्यांनी चेष्टेनं विचारलं नाही. माझ्यासाठी चार भाकऱ्या बांधून द्याव्यात अशा सुरात विचारलं.

"मी न्हाय जायाचा," मी म्हटलं. "माझ्या घरातनं मीच जाऊ? त्याच्या बापाचं राज्य हाय?"

यष्टीत बसल्यावर लक्षात आलं, की त्याला बाप असेल हे मी कधी धरलंच नव्हतं.

८

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गिरणीवर गेलो. काय करणार होतो माहीत नाही. दोन शिव्या देणार होतो बहुतेक. उन्हात गल्ली ओस होती. गिरणीची धडधड लांबून ऐकू येत होती. मी खिडकीपाशी पोचलो आणि लाइट गेली.

पट्टा फटफट करत मंद झाला आणि थांबला. मी जाळीतून आत बघितलं. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. शंभू जात्यापाशी उभा होता, एक हात वर, दळण सारखं करायला उचललेला. हात तसाच राहिला.

मी वाट बघितली. माणूस लाइट गेल्यावर काय करतो? शिवी देतो, घाम पुसतो, विडी काढतो. हा उभाच. हवेत उडालेलं पीठ हळूहळू खाली येत होतं. त्याच्या केसांवर बसलं, भुवयांवर बसलं. उघड्या डोळ्यांवर बसलं. पापणी हलली नाही.

मी मेलेली माणसं बघितली आहेत. युवराजला विहिरीवरून मीच उचलला होता. मेलेल्याच्या तोंडावरसुद्धा तो माणूस असतो, गेलेला का होईना, पण तोच असतो. इथं कुणी नव्हतं. नाक होतं, ओठ होते, आणि त्यांचं कुणी मालक नव्हतं.

खोटं कशाला बोलू, मला दया आली. थंडीत आईवाचून थरथरणारं जनावर मी पुष्कळ वेळा घोंगड्यात घेतलंय. आत जाऊन त्याच्या डोळ्यांवरचं पीठ पुसावं असं वाटलं. मी एक पाऊल टाकलं आणि पायाखाली पत्र्याचा डबा वाजला.

मान वळली नाही. आधी घसा हलला. दगड सरकला. मग शांतता, बरोबर माझ्याएवढी. डोळ्यांवर पीठ तसंच, आणि त्याखालचं तोंड उघडायला लागलं. नेमका तेव्हा माझ्याही घशात दगड सरकला, आपोआप, त्याच्या मागोमाग.

मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. खिडकीपासून हललो मात्र नाही. शिंक त्यानं एकट्यानंच काढली.

९

त्या दिवसापासून मी हसणं बंद केलं. बोलणंही. त्याला बघायला लागतं, ऐकायला लागतं, तर मी दाखवणारच नाही, अशी जिद्द धरली. लिहिताना तोंड हलत नाही, म्हणून हे लिहितोय. दादासोनं जुन्या वहीची कोरी पानं फाडून दिली आणि बायकोला जाऊन सांगितलं, आबांचं काय खरं न्हाय. गाव म्हणतं म्हातारं रुसलं. सर्जेरावांनी येऊन लाउडस्पीकरवरच्या आवतणाची आठवण काढली, दहा मिनिटं मला हसवायला बघितलं. मी खांबासारखा बसून राहिलो. आत पोट दुखायला लागलं होतं.

आज एकविसावा दिवस.

सकाळी ऊन ओट्यावर आलं तसा शंभू आला आणि माझ्यासमोर बसला. गुडघा वर घेतला. मी गुडघा खाली केला. त्यानंही केला. मी मांडी घातली, हात मांडीवर ठेवले आणि तोंडावरचं सगळं आवरलं. सहासष्ट वर्षांत ते कधी केलं नव्हतं. फार अवघड असतं. भुवई उडायला बघते, गाल हलायला बघतो.

मग अगदी सपाट आवाजात एकच विचारलं, "शंभू, तुला काय आवडतं, कढी का आमटी?"

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. उत्तर तिथं असायचं. तिथं काही नव्हतं.

त्याची मान खाजवायला हात गेला, युवराजसारखा. अर्ध्यात थांबला. ओठावर पीळ आला. अंगठा पेन दाबल्यासारखा हलला. मग एक खोकला आला, तो मी कधी ऐकला नव्हता, पण इंदापूरच्या फोटोतल्या छातीला शोभला असता. मग बोटं सुई ओवायला लागली. मग मला न ओळखता येणारी माणसं यायला लागली, पटापट, एकामागून एक. कुणी तोतरं. कुणी तोंडावर पदर घेणारी बाई. कुणी मार चुकवायला कोपर डोळ्यांवर धरणारं. ते कोपर इतर माणसांपेक्षा जास्त वेळ राहिलं. मग तेही गेलं.

शेवटी गिरणीतलं ते तोंड आलं, आणि ऊन त्याच्यावर पडलं. मला वाटलं, संपलं. जिंकलो.

तेवढ्यात दगड सरकला.

मी काही दिलं नव्हतं. माझ्या तोंडावर रेघ हलली नव्हती. त्याच्याकडं आधीचं पुरेसं साठलं होतं. शांतता झाली, आणि शिंक आली, पूर्ण, माझ्यापेक्षा बरी. गेल्या वर्षी माझा पुढचा दात पडला, तेव्हापासून शेवटाला बारीक शीळ येते. तीही होती. त्याचे दात सगळे होते.

घरातून म्हाळसा धावत आली. भिंत चाचपत, उंबऱ्याला ठेचकाळत आली. पिठाचे हात तसेच.

"अवो," ती म्हणाली. "किती दिसांनी हसलात. मला वाटलं माझ्यावर राग धरलाय. म्हटलं माझं काय चुकलं असंल." ती रडत होती. हसण्याच्या दिशेनं गेली आणि त्याच्याजवळ टेकली. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

एकवीस दिवस मी त्याला उपाशी ठेवत होतो, आणि उपाशी राहिली म्हाळसा. हे मला आत्ता कळलं, ओट्यावर, चांगल्या उजेडात.

हसलो असतो, बोललो असतो, तर तिनं मान वळवली असती. घशापर्यंत आलंही होतं. पण मग ओट्यावर दोन हसणी झाली असती, आणि त्यातलं कुठलं खरं हे तिला ठरवायला लागलं असतं. मॅडमना ठरवता आलं नाही. मला आलं असतं का, सांगता येत नाही.

मी उठलो. दोघांच्या मधे जेमतेम वीतभर जागा होती, तिथं अंग घालून बसलो. त्याला खांद्यानं सरकवला. अंग हलकं लागलं, रिकाम्या पोत्यासारखं. म्हाळसेचा हात त्याच्या खांद्यावरून काढून माझ्या हातात घेतला.

तिनं माझा हात चाचपला. बोटं, अंगठा, मनगट. कितीतरी वेळ.

"शंभू," ती म्हणाली, "पोरा, हात किती गार पडलाय रं तुझा."

पलीकडून शीळ आली.

मी हात सोडला नाही. डाव्या हातात तिचा हात आहे आणि उजव्यानं खिशातली पानं काढून हे मांडीवर लिहितोय. ऊन ओट्यावरून उतरलं. ती मधून मधून हात सोडवायला बघते, भाकरी टाकायची म्हणते. टाकेल नंतर. तो हसतोय, हसू दे. मी जागेवर आहे.